परिस्थितिजन्य पुराव्याचे मूल्यमापन

गुन्हा घडताना कोणी पाहिलेला नसताना, भोवतालच्या सिद्ध गोष्टींवरून अनुमानाने तो शाबीत करणाऱ्या पुराव्यास परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. (समासात ‘परिस्थिति’ ऱ्हस्वान्तच लिहावा.) भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे, त्यापूर्वी १८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम होता. कायदा बदलला तरी मूल्यमापनाची न्यायालयीन तत्त्वे मुख्यतः पूर्वीचीच आहेत.

या तत्त्वांचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निर्णय पुण्यातील खटल्यातून आला. विवाहितेचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली व मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९८४) या निकालात मात्र पतीला निर्दोष मुक्त केले. मृत स्त्रीने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, तिची मनःस्थिती आणि वैद्यकीय पुरावा तपासता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती.

न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांनी त्या वेळी सांगितलेल्या पाच कसोट्यांना ‘पंचशील’ म्हणतात. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती केवळ आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत असावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. अपराधाखेरीज अन्य कोणतेही अनुमान शक्य नसावे. आणि पुराव्याची साखळी अखंड असावी. पहिल्या कसोटीत ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतर महत्त्वाचे आहे. हा भेद ‘शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७३) या निकालात आधीच आला होता.

आरोपीने खोटे स्पष्टीकरण दिले म्हणजे तो दोषी ठरला, असा सर्वसामान्य समज असतो. न्यायालय तसे मानत नाही. साखळी अन्य पुराव्याने पूर्ण झाली असेल तरच खोटेपणा अधिकची कडी म्हणून जोडता येतो. तुटलेली कडी त्याने सांधत नाही. मृत व्यक्ती आरोपीसोबत शेवटची दिसली, हीदेखील अशीच बाब आहे: ते दिसणे आणि मृत्यू यांत जितका अवधी अधिक, तितके तिचे वजन कमी. हेतूला येथे प्रत्यक्षदर्शी साक्षीच्या खटल्यापेक्षा अधिक महत्त्व असते, पण केवळ हेतूवरून शिक्षा होत नाही.

पुराव्यावरून दोन तर्कसंगत निष्कर्ष निघत असतील, तर आरोपीला अनुकूल असलेला स्वीकारला जातो.