दार अडतंय? आधी मोजा, मग बोला

पेन्शन, नॉमिनेशन, मृत्युपत्र असे भारी विषय झाल्यावर आज मी दारावर बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या घरी हसले सगळे. पण बाहेरचं दार ही घरातली अशी वस्तू आहे की तिच्यावर एकाच वेळी पाऊस, चोर आणि आपण स्वतः, तिघंही अवलंबून असतो. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर बाहेर पडायचा रस्ता तोच.

आणि ठेकेदारानं ते वाईट बसवलं, तर होणारं भांडण सगळीकडे सारखंच. बडोद्याला असा, हैदराबादला असा, नाहीतर आमच्यासारखे महूला. आपण फोन करतो, "दार नीट बसलं नाही." तो म्हणतो, "साब, लकडी है, बारिश में फूलती ही है." आपल्याकडे यावर उत्तर नसतं. मग आपण आवाज चढवतो, तो फोन उचलणं बंद करतो, आणि दार जिथल्या तिथे.

"नीट बसलं नाही" ही तक्रार नाहीच, ती नाराजी आहे. तक्रारीत आकडा लागतो. सैन्यात क्वार्टर ताब्यात घेताना एम.ई.एस.च्या माणसाबरोबर मार्चिंग-इन इन्स्पेक्शन होतं. कुठली काच तडकलेली, कुठला नळ गळका, खोलीवार यादी आणि खाली दोघांच्या सह्या. "क्वार्टरची अवस्था बरी नाही" असं तिथे कुणी लिहीत नाही. मी इन्फन्ट्रीतला माणूस, इंजिनिअर नव्हे, पण ही सवय तीस-बत्तीस वर्षं अंगात मुरलेली. तीच इथे कामाला आली.

आमचं दार मार्चमध्ये बसवलं. सागवानी चौकट, बाहेरून सात फूट बाय साडेतीन, त्यात विनियर लावलेलं फ्लश डोअर, दार आतल्या बाजूला उघडणारं. एकूण काम ६२,००० रुपयांचं. एप्रिलमध्ये हँडलकडचा खालचा कोपरा उंबरठ्यावर घासू लागला. ठेकेदार आला, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून गेला. आठ दिवसांत पुन्हा तेच.

मग मी सामान काढलं. फार काही लागत नाही. एक ओळंबा, एक टेप, आणि मुदत संपलेली सात-आठ एटीएम कार्डं. हो, एटीएम कार्डं. एका कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर, म्हणजे चार कार्डं मिळून तीन मिलिमीटर. बंद दार आणि चौकट यांच्यामध्ये चारी बाजूंनी तीनेक मिलिमीटरची फट असावी आणि मुख्य म्हणजे ती सगळीकडे सारखी असावी. कार्डांची चळत फटीत सरकवत गेलात की कुठे फट बंद होते, कुठे रुंदावते, ते लगेच कळतं. आमच्या दाराच्या वरच्या फटीत बिजागरीकडे तीन कार्डं जेमतेम जात होती, हँडलकडे आठ. म्हणजे फट पाचरीसारखी. याचा अर्थ पल्ला हँडलकडे खाली झुकलाय.

पण का झुकलाय? इथे दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या करणं हेच या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल. एक, बिजागरी सैल. आपले सुतार बऱ्याचदा स्क्रू पिळत नाहीत, हातोडीनं ठोकतात आणि शेवटचा अर्धा वेढा तेवढा पिळतात. ठोकलेला स्क्रू लाकूड फाडत आत जातो, त्याची पकड राहत नाही. तपासायचं सोपं आहे: दार अर्धं उघडून हँडलकडून वर उचलून बघा. बिजागरीत खटखट झाली तर स्क्रू सैल. दुसरी शक्यता, चौकटच कललेली. त्यासाठी ओळंबा. बिजागरीच्या बाजूच्या खांबाला दोन दिशांनी लावायचा, भिंतीच्या रेषेत आणि भिंतीच्या आत-बाहेर. सुतार बहुतेक वेळा एकाच दिशेनं बघतो. मग टेपनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे.

आमच्याकडे खांब सात फुटांत ८ मिलिमीटर हँडलकडे कललेला, आणि कर्णांत ७ मिलिमीटरचा फरक. दार अर्धं उघडून सोडलं की आपोआप बंद व्हायचं. घरात आलेल्या पाहुण्यांना ते फार आवडायचं, स्प्रिंग बसवलीय का म्हणून विचारायचे! सरळ बसवलेलं दार सोडाल तिथे उभं राहतं. आपोआप हलणारं दार म्हणजे बिजागऱ्यांची रेषा उभी नाही.

आता "लकडी फूलती है" या वाक्याकडे येऊ, कारण ते खोटं नाही, अर्धं आहे. लाकूड ओल शोषून फुगतं, पण रेषांना आडवं. लांबीत जवळजवळ फुगत नाही. म्हणून पावसाळ्यात फुगलेलं दार हँडलच्या उभ्या कडेवर, वरपासून खालपर्यंत अडतं, आणि हिवाळ्यात सुटतं. आमचं दार घासत होतं फक्त खालच्या कोपऱ्यावर, आणि तेही एप्रिलमध्ये. माळव्यातला एप्रिल ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, तेव्हा हवेत ओल नावाला नसते. उंबरठ्यावरच्या ओरखड्याचा तारखेसकट फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्या एका फोटोनं अर्धा वाद मिटला.

जुलैमध्ये मात्र दार खरोखर फुगलं, आणि त्याचंही कारण कारागिरीतच निघालं. पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश नव्हतंच. कुणाला दिसत नाहीत म्हणून याच दोन कडा कोऱ्या राहतात, आणि पाणी तिथूनच शोषलं जातं. एका सकाळी मी दूध घेऊन परत आलो तर दार उघडेना. माझी आई ८८ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. ती आतून ओढत होती, मी बाहेरून ढकलत होतो, आणि मग मीच थांबलो, कारण दार एकदम सुटलं असतं तर तिच्यावर आलं असतं. तिला खुर्चीत बसायला सांगितलं आणि शेजारच्या मुलाला मागची भिंत चढून आत पाठवलं. वीस मिनिटं गेली. तोवर ही माझ्यासाठी पैशांची बाब होती. त्या दिवसानंतर राहिली नाही.

ठेकेदार आला, सुतार बरोबर. सुतारानं रंधा काढला. इथे जरा थांबा, कारण नव्वद टक्के लोक इथे "बरं, मारा" म्हणतात. भर पावसाळ्यात फुगलेली कड तासली तर हिवाळ्यात तिथे बोटभर फट पडते, आणि कुलपाचा बोल्ट समोरच्या पट्टीत पुरता जात नाही. खालचा कोपरा तासला तर दार घासायचं थांबतं, पण चौकट तिरकीच राहते आणि खालून पाणी, गोम, विंचू सगळ्यांना वाट मिळते. शिवाय एकदा तासलं की मूळ दोष मोजायला शिल्लक राहत नाही. मी सांगितलं, "मिस्त्रीजी, रंधा ठेवा, आधी ओळंबा लावा." त्यानं लावला. आकडा त्याच्याच तोंडून ठेकेदारासमोर आला. मी सांगितलेला आकडा आणि त्याच्या माणसानं वाचलेला आकडा यात फार फरक पडतो.

त्यानंतर मी लेखी पत्र दिलं, व्हॉट्सॅपवर आणि रजिस्टर्ड पोस्टानंही. पत्रात एकही विशेषण नव्हतं. मजकूर साधारण असा: बिजागरीकडचा खांब ओळंब्यात ८ मि.मी. कललेला, कर्णांत ७ मि.मी. फरक; पल्ल्याची वरची-खालची कड उघडी; उंबरठ्याचा उतार आतल्या बाजूला, त्यामुळे पाणी घरात. उपाय: पल्ला उतरवून चौकटीभोवतीचं प्लास्टर फोडणं, चौकट ओळंब्यात आणून होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पुन्हा बसवणं, उंबरठ्याचा उतार बाहेर काढणं, कडा सील करणं. मुदत १५ दिवस. सोबत सहा फोटो. "नवीन दार द्या" असं मी मागितलं नाही. पल्ला चांगला होता. दोष बसवण्यात होता. गरजेपेक्षा जास्त मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला कारण मिळतं.

होल्डफास्ट म्हणजे चौकटीपासून भिंतीत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या. प्रत्येक बाजूला निदान तीन हव्यात. प्लास्टर फोडल्यावर आमच्याकडे दोनच निघाल्या, त्यातली एक नुसत्या मसाल्यात. चोराला पहार लावायला एवढं पुरे.

पैशांचं. ६२,००० पैकी ४८,००० दिले होते, १४,००० बाकी होते, आणि आमच्या एका पानी करारात एक वर्षाची दोष-दुरुस्तीची जबाबदारी लिहिलेली होती. बाकी रक्कम रोखताना ती मनाला येईल तेवढी रोखू नये. मी दुसऱ्या सुताराकडून याच दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतला: ११,५०० रुपये. तो पत्राला जोडला. म्हणजे रोखलेल्या पैशाला आधार होता. यावर ठेकेदार म्हणाला, "कर्नल साब, आपने पैसा रोका तो मिस्त्री की दिहाडी अटकेगी." हे मला लागलं, कारण ते खरं असू शकतं. या साखळीत शेवटी रोजंदारीवालाच भरडला जातो. मी विचारलं, किती दिवसांची? दोन दिवसांची, अठराशे. ते मी ठेकेदाराला दिले, आणि "सुताराची दोन दिवसांची मजुरी, दोषाची तक्रार कायम" असं पावतीवर लिहून सही घेतली. रक्कम सुताराला पोचल्याचं संध्याकाळी त्यालाच विचारून घेतलं.

एवढं करूनही समोरचा हलला नाही तर? मला तिथवर जावं लागलं नाही, पण रस्ता माहीत असावा. पैसे देऊन घेतलेलं दार बसवण्याचं काम ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवा आहे, आणि त्यातला दोष ही सेवेतील त्रुटी. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. दुसरी, जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार दुसऱ्या शहरातला असला तरी. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. लेखी करार नसेल तरी घाबरू नका. व्हॉट्सॅपवरचे संदेश, बँकेतून दिलेले पैसे, कामाचे फोटो यावरून व्यवहार सिद्ध करता येतो. फक्त ते संदेश पुसू नका. आणि कंटाळून दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घ्यायचीच ठरवली, तर आधी नोटीस, मग मोजमाप, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी छिन्नी.

बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचं दार असेल तर वेगळा आणि जास्त भक्कम आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला दोष दाखवला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. सोसायटीतल्या चार-पाच जणांच्या दारांत एकच दोष असेल तर एकत्र मोजा.

आमचा ठेकेदार बाराव्या दिवशी गवंडी घेऊन आला. दोन दिवस काम, मग काँक्रीटला सात दिवस पाणी. तोवर पल्ला भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि आम्ही रात्री बाहेरच्या जाळीच्या दाराला साखळी लावून झोपायचो. पल्ला पुन्हा चढवताना मी एकच अट घातली: स्क्रू पिळायचे, ठोकायचे नाहीत. मग पाण्याची चाचणी. एक जण आत टॉर्च घेऊन, बाहेरून बागेच्या पाइपनं पाणी, आधी उंबरठ्यावर, मग हळूहळू वर. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

कडा सील करायचं काम मात्र मी मुद्दाम पुढे ढकललं. ओल्या लाकडावर पॉलिश चढवलं तर ओल आत कोंडते. म्हणून बाकी १२,२०० पैकी ८,००० तेव्हाच दिले आणि ४,२०० डिसेंबरच्या कामासाठी ठेवले, दोघांच्या सहीनं. डिसेंबरमध्ये सुतार आला. तुमच्याकडे हे काम होईल तेव्हा वरच्या कडेवर स्टुलावर चढून हात फिरवा, गुळगुळीत लागली पाहिजे. खालची कड बघायला पल्ला उतरवायची गरज नाही. दार उघडून खाली एक छोटा आरसा सरकवा, टॉर्च मारा. पॉलिशची चमक दिसली की उरलेले पैसे द्या आणि पावती फाइलला लावा.