मॉरिशसचे ऊन आणि वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग

१५ जानेवारी २०२४ हा सोमवार होता, मकरसंक्रांतीचा. पोर्ट लुईमधील नोकरदार सकाळी नेहमीप्रमाणे कचेऱ्यांकडे निघाले होते. ‘बेलाल’ हे चक्रीवादळ तेव्हा शेजारच्या रियुनियन बेटावर होते आणि मॉरिशसच्या दक्षिणेकडे सरकत होते. काही तासांतच राजधानीच्या रस्त्यांवर पाण्याचे लोंढे आले, मोटारी एकमेकींवर आदळत वाहू लागल्या आणि घरी परतणारी माणसे वाटेतच अडकली. जीवितहानीही झाली. इशाऱ्याला उशीर झाल्याच्या टीकेनंतर तेथील हवामान खात्याच्या प्रमुखांनी पद सोडले.

त्या दिवशी बेटावर पर्यटकही होतेच. आपल्यापैकी अनेकांची सुट्टी मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. लंडन किंवा न्यू जर्सीत थंडी, हाताशी दोन आठवडे, आणि मॉरिशसच्या जाहिरातींत वर्षाचे बाराही महिने तेच निळे आकाश. त्या बेटावरचा डिसेंबर-जानेवारी म्हणजे नेमके काय, हे तिकीट काढताना सहसा कोणी सांगत नाही.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. तेथील उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पावसाळा व वादळांचा हंगामही तोच. जानेवारी ते मार्च या महिन्यांत वादळांची शक्यता सर्वाधिक. सूर्य तेथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा २० जानेवारीच्या आसपास. महाराष्ट्रात मे महिन्यात आपण ‘शून्य सावली’ पाहतो, तीच तेथे या दिवसांत दिसते. नाताळची सुट्टी या दोन तारखांच्या मधोमध येते. त्यामुळे दुपारी अकरा ते तीन या वेळेत पाण्यात पोहणाऱ्या मुलांची पाठ पाहता पाहता भाजून निघते. अंगभर बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा तेथे मलमापेक्षा भरवशाचा उपाय आहे.

आता इशाऱ्यांविषयी. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. तेथे वादळाची १ ते ५ ही श्रेणी वादळाची ताकद सांगते. मॉरिशसचे १ ते ४ हे वर्ग मुख्यतः उरलेला वेळ सांगतात. मोजमापाची खूण एकच : ताशी १२० किलोमीटर वेगाचे वाऱ्याचे झोत. असे झोत बेटावर येण्याची शक्यता दिसली की साधारण ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग जाहीर होतो. दुसरा वर्ग शक्यतो अशा बेताने दिला जातो की लोकांच्या हाती दिवसाच्या उजेडाचे १२ तास राहावेत. तिसऱ्या वर्गात उजेडाचे ६ तास. चौथा वर्ग म्हणजे असे झोत बेटावर प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत. म्हणून ‘अजून दुसराच वर्ग आहे, वादळ किरकोळ दिसते’ हा तर्क मुळातच चुकीचा. वादळ प्रचंड असू शकते, फक्त ते अजून पोचलेले नसते.

पहिल्या वर्गातच पैसे काढणे, गाडीत इंधन भरणे, औषधे व पिण्याचे पाणी जवळ ठेवणे ही कामे उरकावीत. दुसऱ्या वर्गात समुद्रसफर, डोंगरवाटा, बेटाच्या दुसऱ्या टोकाची सहल यांवर पाणी सोडावे, आगाऊ रक्कम भरलेली असली तरी. तिसरा वर्ग लागू झाला की कामगाराला कामावर न जाण्याची कायदेशीर मुभा आहे. दुकाने बंद होतात, बस व टॅक्सी मिळेनाशा होतात. मोठ्या हॉटेलांत काही कर्मचारी मुक्कामालाच थांबवून घेतलेले असतात. भाड्याच्या बंगल्यात मात्र आपण आणि आपला शिधा एवढेच असते, हे जागा निवडताना ध्यानात ठेवावे. चौथ्या वर्गात वारा अचानक पडला तर बाहेर डोकावू नये. तो बहुधा वादळाचा डोळा असतो, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने परततो.

स्थानिक लोक हे सारे फार शांतपणे करतात. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली, आणि त्यानंतर बेटावर सपाट छपरांची सिमेंटची घरे वाढत गेली. दिसायला ती रूक्ष, पण वादळात टिकणारी. आपल्यासारख्या पाहुण्याने यजमान काय करतो ते पाहावे आणि तेच करावे.

या पद्धतीत एक उणीव आहे. हे वर्ग वाऱ्याचे आहेत, पावसाचे नव्हेत. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत कोणतेही चक्रीवादळ नव्हते. केवळ मुसळधार पावसाने पूर आला आणि ११ जणांचा बळी गेला. त्यांतील काही जण कोदाँ भागातील भुयारी मार्गात आणि तळघरातील वाहनतळात सापडले. शहराच्या पाठीशी डोंगररांग आणि समोर बंदर, त्यामुळे डोंगरावरचे पाणी थोड्या वेळात खाली उतरते. अतिवृष्टीचा इशारा वेगळा दिला जातो. तो असताना राजधानीची खरेदी टाळावी आणि भुयारी मार्गात पाऊलही टाकू नये.

तारखा आपल्या हातात असतील तर मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. उन्हाळा आणि हिवाळा यांच्या सरासरी तापमानात फरक जेमतेम ४ अंशांचा आहे. मात्र हिवाळ्यात आग्नेयेकडून व्यापारी वारे जोराने वाहतात, म्हणून पूर्व किनारा गार आणि वादळी वाटतो. पोहण्यासाठी पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक किंवा उत्तरेचा ग्राँ बे बरा. दक्षिणेला ग्री-ग्री येथे प्रवाळकड्याचा तट तुटलेला आहे आणि लाटा थेट खडकांवर आदळतात. तेथे दृश्य पाहावे, पाण्यात उतरू नये.

याच काळात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गणेशचतुर्थी येते. मॉरिशसमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारमजूर म्हणून गेलेल्या कोकणी माणसांच्या पुढच्या पिढ्या क्रेओल बोलतात, पण झाकरीची गाणी मराठीत म्हणतात. ही झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी. विसर्जनाच्या वेळी किनाऱ्यावर उभे राहिलात तर आपल्याला कोणी परके समजणार नाही.

आणि ज्यांना जानेवारीतच जावे लागणार आहे, त्यांनी प्रवासविमा तिकिटासोबतच घ्यावा. वादळाला नाव मिळाले की ते विम्याच्या दृष्टीने ‘आधीच ठाऊक असलेले संकट’ ठरते, आणि त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळामुळे झालेला खर्च बहुधा देत नाही. या समुद्रातील वादळांना ५५ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला मॉरिशस नाव देते, पश्चिमेला मादागास्कर. परतीचे विमान आणि कामावर रुजू होण्याची तारीख यांच्यात दोन मोकळे दिवसही ठेवावेत. वादळात विमानतळ बंद होतो आणि उघडल्यावर अडकलेल्या सर्वांनाच पहिल्या विमानात जागा मिळत नाही.