टहरौलीची 'घडी' आणि विहिरीचे जड पाणी

उत्तर प्रदेशात झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या तहसील-गावांत धुण्याच्या पावडरीची निवड केवळ जाहिरातीवर ठरत नाही. कारखान्याचे अंतर, हाती असलेली मजुरी आणि विहिरीचे पाणी या तीन बाबी त्यामागे असतात.

कानपूरच्या रोहित सर्फॅक्टन्ट्स कंपनीची 'घडी' ही पावडर १९८७ पासून बाजारात आहे. मराठी वाचकाला या नावावरून कपड्यांची घडी आठवणे स्वाभाविक असले, तरी हिंदीत त्याचा अर्थ घड्याळ असा होतो. उत्तर प्रदेशात रुजलेल्या या पावडरीने पुढे 'व्हील'सारख्या बड्या कंपनीच्या नाममुद्रेपुढेही आव्हान उभे केले.

तत्पूर्वी हाच मार्ग गुजरातने दाखविला होता. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत 'निरमा' सुरू केली. 'सर्फ' किलोला सुमारे तेरा रुपयांना मिळत असताना निरमाचा दर साडेतीन रुपयांच्या आसपास होता. महागड्या पावडरीसाठी द्रावण उंच मनोऱ्यातून फवारून वाळवावे लागते. स्वस्त पावडरीत मात्र धुण्याचा सोडा आणि अ‍ॅसिड स्लरी यांचे मिश्रण करून भागते. यंत्रसामग्रीचा खर्च वाचतो. शिवाय वजनी व स्वल्प किमतीचा हा माल दूरवर नेल्यास वाहतुकीचा भार दरावर पडतो. त्यामुळे जवळच्या कारखान्याचे पारडे जड राहते.

बुंदेलखंडात पाण्याचा प्रश्न यात भर घालतो. येथील जमिनीखाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक असून पाणी त्याच्या भेगांतून मिळते. भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले की ते दुष्फेन, बोलीभाषेत जड, ठरते. साबणाच्या वडीचा अशा पाण्यात फेस होण्याऐवजी चिकट साका होतो. पावडर तुलनेने बरी चालते. परंतु तिच्यातील सोड्याचा काही भाग या क्षारांवरच खर्ची पडत असल्याने तेवढ्याच कपड्यांना ती अधिक लागते. सोड्याचे प्रमाण जास्त असलेल्या पावडरीने हातांची आग होते, हा भाग वेगळाच. तो सोसावा लागतो तो बहुतांशी स्त्रियांना.

रोजंदारीवरील कुटुंबाला किलोची पिशवी एकरकमी परवडत नाही. मग पाच-दहा रुपयांची पुडी घेतली जाते. भाववाढीच्या काळात पुडीची किंमत तीच ठेवून आतील वजन कमी केले जाते, याकडे ग्राहकाचे सहसा लक्ष जात नाही. जड पाण्याच्या गावात ही घट दुपटीने जाणवते.

महाराष्ट्रातही दख्खनच्या पठारावर कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी असेच जड आहे. तेथेही नळाचे पाणी येणाऱ्या घरात आणि कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या घरात एकाच पुडीचे धुणे सारखे होत नाही.

बुंदेलखंडात घरोघरी नळाने पाणी देण्याच्या योजनेस २०२० मध्ये झाशीतून प्रारंभ झाला. धरणे व नद्यांचे पाणी सामान्यतः भूजलापेक्षा सुफेन असते. ते ज्या घरात नियमित पोहोचेल, तेथे पुडी एक दिवस अधिक पुरेल.