मास्क पहाटेपर्यंत हवा

स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटतो आणि श्वास अडतो. नाकावाटे दाबाने हवा दिली तर तो मार्ग उघडा राहतो, हे सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली दाखवले. सीपॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालते, पण मास्क तोंडावर आहे तोवरच. ‘चार तास लावला की झाले’ असे अनेक जण मानतात. चार तास हा वापर मोजण्यासाठी ठरवलेला निकष आहे, उपचाराची पुरेशी मात्रा नव्हे. स्वप्नांची झोप उत्तररात्री वाढते. तेव्हा स्नायू अगदी सैल पडतात आणि पुष्कळांचा श्वास नेमका त्याच वेळी जास्त अडतो. लघवीला उठून आल्यावर मास्क उशाशीच राहिला, तर संरक्षण नेमके तिथे तुटते.

मास्क पहाटेपर्यंत टिकावा म्हणून झोपेची तयारी संध्याकाळीच सुरू व्हावी. चेहऱ्याचे तेल लागून मास्कची कड सुटते आणि हवा फुसफुसत डोळ्यांत जाते. तोंड धुवावे, कड सौम्य साबणाने पुसावी. यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच भरावे, नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात. मास्कने गुदमरते, ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. त्यावर उपाय सवयीचा: जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसावे. तरीही जमले नाही तर मास्कचा प्रकार बदलून मागावा. यंत्र कपाटात ठेवू नये.