पंखा, स्पीकर आणि सीबेक बापलेक

आजऱ्याहून एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘लॅपटॉप फार तापतो, म्हणून खाली ठेवायला पंख्यांचा स्टँड घ्यायचाय. त्यातच स्पीकर असलेला मिळतोय, खोक्यावर डीप बास लिहिलंय. घेऊ का?’

स्टँड जरूर घ्या, स्पीकरवाला नको. लॅपटॉप बोटभर उचलला तरी खालच्या जाळीतून हवा आत जायला वाट मिळते. निम्मं काम तिथंच होतं. पण वारा खेळवायचा तर स्टँड मोकळा हवा आणि खालचे सूर हवेत तर स्पीकरची पाठ बंद पेटीत हवी. पडदा पुढची हवा दाबतो त्याच वेळी मागची हवा विरळ होते. मागची लाट वळसा घालून पुढे आली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि त्यात बास आधी जातो. शिवाय तेवढ्याच जोराचा, पण एक सप्तक खालचा सूर काढायचा तर त्याच पडद्याला चौपट हलावं लागतं. दोन इंची पडद्याला तेवढी जागाच नसते.

विजेचंही तेच. जुन्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्यावर पंखे, निळे दिवे आणि वर स्पीकर. एका पाटाचं पाणी उसाच्या चार शेतांना सोडलं की टोकाच्या शेताचं जे होतं, ते इथं स्पीकरचं होतं.

आणि पंख्याची घरघर? पंख्याचा वेग निम्मा केला तर वाराही निम्मा होतो, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. म्हणून चार छोट्या, किंचाळणाऱ्या पंख्यांपेक्षा एक मोठा, संथ पंखा केव्हाही बरा. (आजऱ्यात जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हा फरक कळायचा नाही, ही गोष्ट वेगळी.) पाच पात्यांचा पंखा मिनिटाला 1200 फेरे घेत असेल, तर पाती सेकंदाला शंभरदा हवा कापतात आणि 100 हर्ट्झची गुणगुण उठते.

नेमक्या अशाच यंत्राने एकोणिसाव्या शतकात मोठं भांडण लावलं होतं. ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने भोकं पाडलेली चकती फिरवून तिच्यावर हवेचा झोत सोडला. भोकं समान अंतरावर असली की एक सूर यायचा. त्याने ती आलटून पालटून जवळ-लांब पाडली, तर एक सप्तक खालचा सूर ठणठणीत ऐकू आला. गणिताप्रमाणे त्या सुरात जोर अगदीच कमी होता! 1841 मध्ये त्याने हे छापलं आणि समोर उभा राहिला ओहम, तोच, शाळेतल्या नियमाचा. ओहमचं म्हणणं असं, की लाटेत जो सूर आहे तोच कान ऐकतो. बाकी कानाची फसगत. सीबेकचं उत्तर मला फार आवडतं: सूर कोणता हे कानाने नाही तर दुसऱ्या कुणी ठरवायचं? पण पुढे हेल्महोल्ट्झसारखा दिग्गज ओहमच्या बाजूने गेला. तोवर 1849 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, सीबेक वारलाही होता. जवळपास शतकानंतर हॉलंडच्या स्हौटेनने सुरांच्या जुळणीतून पायाचा सूर काढूनच टाकला, तरी सुराची उंची तीच ऐकू आली. सीबेक बरोबर होता.

मिरजेच्या तानपुऱ्यावर हे सहज पटतं. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ, असेल तर खर्जाची तार 69 च्या आसपास लागते. छोट्या स्पीकरला तो आकडा झेपणारच नाही. तरी मोबाइलवरच्या तानपुऱ्यात खर्ज ऐकू येतो, कारण 139, 208, 277 असे वरचे स्वर पोचतात आणि त्यांच्या मुळाशी असलेला 69 कान स्वतःच लावतो. जवारीमुळे, म्हणजे तार टेकते त्या घोडीच्या बाकदार माथ्यामुळे, तानपुऱ्यात हे वरचे स्वर भरघोस असतात. ज्या जागी तार छेडली तर एखादा स्वर उमटूच नये, तिथं छेडूनही तो उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं. लँडलाइनवर मामाचा जाडाभरडा आवाज ओळखू यायचा त्यामागेही हीच करामत: फोनची तार 300 हर्ट्झच्या खालचं बहुतेक सगळं गाळून टाकायची.

तेव्हा खोक्यावरच्या डीप बासपैकी बराचसा तुमच्याच डोक्यात तयार होतो. पंख्याच्या घरघरीत हे वरचे स्वर बुडाले, तर तोही नाही. तानपुरा लावून पंखा चालू-बंद करून पाहा. उरलेल्या पैशांत साधा वेगळा स्पीकर घ्या आणि तो स्टँडवर न ठेवता टेबलावर ठेवा, म्हणजे पंख्याची थरथर त्यात उतरणार नाही.

आता पुन्हा तापण्याकडे: चकतीवाल्या ऑगस्ट सीबेकचे वडील म्हणजे थॉमस सीबेक. दोन धातूंचे सांधे वेगवेगळे तापवले की वीज वाहते, हे 1821 मध्ये त्यांच्याच प्रयोगातून पुढे आलं. मुलगा आवाजात, बाप उष्णतेत! पुढे पेल्टिए या शास्त्रज्ञाने याचीच उलटी बाजू दाखवली: वीज सोडली की एक सांधा गार होतो. मोबाइलच्या पाठीला चिकटवायचे कूलर आता मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशांत हीच पेल्टिएची चकती असते. तिची एक बाजू गार होताना दुसरी तापते आणि ती निववायला पुन्हा पंखा लागतोच. त्यालाही कुणी स्पीकर जोडला, तर जरूर कळवा.