आंतरराष्ट्रीय व्यापार

आंतरराष्ट्रीय व्यापार : दोन वा अधिक देशांमध्ये होणारी वस्तूंची व सेवांची खरेदी-विक्री. परदेशातून माल विकत आणणे म्हणजे आयात आणि आपला माल परदेशात विकणे म्हणजे निर्यात होय. आठवडी बाजारात शेतकरी धान्य विकून कापड घेतो, त्याचेच हे विस्तारलेले रूप आहे. तथापि येथे माल देशाची सीमा ओलांडतो. त्यामुळे दुसरे चलन, दुसरे कायदे व दुसरे शासन यांच्याशी गाठ पडते. म्हणूनच या व्यापाराचा विचार अंतर्गत व्यापाराहून वेगळा करावा लागतो.

व्यापाराची कारणे : निसर्गाने सर्व देशांना सर्व वस्तू सारख्या प्रमाणात दिलेल्या नाहीत. हवामान, जमीन, खनिजे, भांडवल आणि लोकांचे कौशल्य यांत देशोदेशी फरक असतो. भारताला लागणाऱ्या अशुद्ध खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरजही आयातीनेच भागते. त्यातील पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. उलट तांदूळ, औषधे, तयार कपडे व संगणकविषयक सेवा भारतातून इतर देशांत जातात. काही वस्तूंच्या बाबतीत आयात व निर्यात एकाच धंद्यात गुंतलेली असतात. उदा., कच्चे हिरे परदेशातून येतात, सुरत येथे त्यांना पैलू पाडले जातात व ते पुन्हा परदेशी विकले जातात.

तुलनात्मक लाभ : एखादा देश सर्वच वस्तू स्वस्तात तयार करू शकत असेल, तर त्याने इतरांकडून काही का घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो (१७७२–१८२३) यांनी १८१७ मध्ये एका उदाहरणाने दिले. त्यांनी असे मानले की, ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये १०० व ठरावीक मद्य तयार करण्यास १२० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० व तेच मद्य ८० माणसांच्या श्रमांत होते. दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस आहे. तरीही इंग्लंडने २०० माणसांकडून दुप्पट कापड विणून घेतले, पोर्तुगालने १६० माणसांकडून दुप्पट मद्य तयार करून घेतले आणि दोघांनी निम्म्या मालाची अदलाबदल केली, तर दोघांनाही पूर्वीइतकाच माल मिळतो. शिवाय इंग्लंडचे २० व पोर्तुगालचे १० माणसांचे श्रम वाचतात. ज्या कामात आपण तुलनेने अधिक सरस आहोत, ते करावे व बाकीचे विकत घ्यावे, हे या सिद्धांताचे सार होय. मात्र या हिशेबात मालाच्या वाहतुकीचा खर्च धरलेला नाही, तसेच जुना धंदा बसलेल्या कामगारांची होणारी ओढाताणही धरलेली नाही.

पैशांची देवघेव : नाशिकचा बागायतदार नेदरलँड्सला द्राक्षे पाठवितो, तेव्हा तेथील खरेदीदाराजवळ यूरो असतात, बागायतदाराला मात्र रुपये हवे असतात. एका चलनाच्या बदल्यात दुसरे चलन किती मिळेल, हे विनिमय दरावरून ठरते आणि ही अदलाबदल बँकांमार्फत होते. खरेदीदार व विक्रेता एकमेकांना ओळखत नसल्यास खरेदीदाराची बँक पतपत्र देऊन पैशांची हमी घेते. आयातीसाठी लागणारे परकीय चलन निर्यात, परदेशस्थ नागरिकांनी पाठविलेले पैसे, कर्जे व परकीय गुंतवणूक यांतून मिळते. ते अपुरे पडल्यास देश संकटात येतो. १९९१ मध्ये भारताजवळ केवळ दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवून कर्ज उभारावे लागले.

कापसाची तेजी व मंदी : दूरदेशीच्या घटनेचे परिणाम शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसे पोहोचतात, हे महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात अनुभवले. लँकाशरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली. गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळविताच कापसाचे भाव कडाडले. गुजरात, खानदेश व वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडला जाऊ लागला. मुंबईत पैशांचा पूर आला. समुद्र हटवून जमीन मिळविण्यासाठी निघालेल्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक कंपन्या व पेढ्या बुडाल्या. तेजीत सहज मिळालेले कर्ज मंदीत फेडणे शेतकऱ्यांना जड गेले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

शासनाचे नियंत्रण : देशी धंद्यांना संरक्षण देण्यासाठी किंवा उत्पन्न मिळविण्यासाठी शासन आयात मालावर जकात बसविते. जकातीमुळे देशी उत्पादक तगतो. पण ग्राहकाला वस्तू महाग मिळते. निर्यातीवरही बंधने घातली जातात. ८ डिसेंबर २०२३ रोजी भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ रोजी उठविली. शहरातील गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा हा तिचा हेतू होता. परंतु कांदा उत्पादकाच्या दृष्टीने बंदी म्हणजे हातचे गिऱ्हाईक गमावणे होते. व्यापारविषयक धोरण ठरविताना अशा परस्परविरोधी हितसंबंधांचा मेळ घालावा लागतो.

आंतरराष्ट्रीय सहकार्य : १९३० नंतरच्या महामंदीत अनेक देशांनी परस्परांविरुद्ध जकाती वाढविल्या व जागतिक व्यापार आक्रसला. हा अनुभव लक्षात घेऊन १९४७ मध्ये २३ देशांनी जकाती व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार (गॅट) केला. भारत त्यांपैकी एक होता. १ जानेवारी १९९५ रोजी या व्यवस्थेची जागा जागतिक व्यापार संघटनेने घेतली. तिचे मुख्यालय जिनीव्हा येथे असून १६० हून अधिक सदस्य तिच्यात आहेत. व्यापाराचे नियम ठरविणे व सदस्यांमधील तंटे सोडविणे ही तिची प्रमुख कार्ये आहेत. तथापि नव्या सदस्यांच्या नेमणुका अडल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या अपील मंडळाचे काम थांबले व तंटे मिटविण्याच्या व्यवस्थेचे सामर्थ्य उणावले.