सदाफुली आणि मांजराच्या मिश्या

नवी मुंबईत बाल्कन्या बघत चाललं, की दर दोन-चार घरांआड सदाफुलीची एक कुंडी दिसते. ना खताचे लाड, ना पाण्याचे, तरी बारा महिने फुलं. या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध काढतात. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना ते 1960च्या दशकापासून देत आले आहेत. पण त्याच औषधाने स्टेशनबाहेर झोपणारी एखादी भटकी कुत्रीही बरी होते, आणि तिचा आजार ऐकला तर विश्वास बसणं कठीण जातं.

तिला झालेला कर्करोग संसर्गाने होतो. इथे विषाणू पसरत नाही. कर्करोगाची जिवंत पेशीच मिलनाच्या वेळी, चाटताना, हुंगताना एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि कलम धरावं तशी तिथे रुजते. गाठीतला डीएनए तपासला तर तो त्या कुत्रीशी जुळतच नाही, कारण जगभरातल्या अशा सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या शरीरातून आलेल्या आहेत. तो कुत्रा केव्हाच मातीला मिळाला. त्याच्या पेशी आज आपल्या रस्त्यावर जिवंत आहेत. आठवड्याला एक, अशी व्हिन्क्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा गाठ विरघळून जाते.

तेव्हा हे काम सोपं वाटेल. पण हेच औषध शिरेबाहेर थोडंसं जरी झिरपलं तरी तिथलं मांस सडतं. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक बिघडलेलं असतं. 2001मध्ये या बिघाडाचा शोध लागला. अशा कुत्र्याला नेहमीचा डोस दिला तर औषधच त्याच्या जिवावर उठतं. शिवाय ही गाठ कधी कधी नाकाच्या आत वाढते आणि बाहेर फक्त रक्त दिसतं. आपल्या दमट हवेत नाकातून रक्त येणारा कुत्रा समोर आला, की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा येतो गोचीडताप. त्यात रक्तातल्या प्लेटलेट घसरतात आणि नाक फुटतं. मग प्लेटलेट ठीक निघाल्या तर? औषधांचा डोस वाढवत बसायचं, की नाकाकडे पुन्हा बघायचं? ज्याने शिक्षण घेतलं आहे तो तिथून चार पेशी उचलून काचपट्टीवर पसरतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. गोल गोल पेशी, आणि त्यांच्या कडेला मण्यांसारखे ओळीने बसलेले स्वच्छ बुडबुडे. निदान झालं.

ते बुडबुडे ओळखणारा डोळा तयार कसा होतो, याचं मला फार कुतूहल आहे.

आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यातलं शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष काम करत शिकायचं. एवढ्या काळात गाय, म्हैस, शेळी, घोडा, डुक्कर, कोंबडी, कुत्रा, मांजर असे सगळे येतात. गायीच्या पोटाला चार कप्पे. घोड्याला उलटी करता येत नाही. विश्रांत घोड्याचं हृदय मिनिटाला 28 ते 44 ठोके देतं, तर तपासणीच्या टेबलावर घाबरलेल्या मांजराचं 200च्या घरात जातं. माणसांचा डॉक्टर एकाच प्राण्याचा अभ्यास करतो, हे लक्षात घेतलं की या पदवीचा आवाका कळतो आणि तिची मर्यादाही. एका प्राण्याच्या एका अवयवात खोल उतरायला पदवीत वेळच उरत नाही.

एकट्या मांजराचं पाहू. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते. ती निष्प्रभ करायला यकृतात जे विकर लागतं ते घडवणारं जनुक मांजरवंशात निकामी झालेलं आहे. गोळी गेल्यावर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. रक्त चढवण्याचंही तसंच. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना गट जुळला नाही तरी बहुधा निभावतं, कारण परक्या रक्ताविरुद्धची जोरदार प्रतिपिंडं त्याच्या अंगात आधीपासून नसतात. बी गटाच्या मांजराच्या अंगात ती आधीपासूनच असतात, आणि ए गटाचं थोडंसं रक्तही त्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून मांजराचा गट न तपासता रक्त द्यायचं नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

आणि वेदना? मांजर ती लपवतं. स्वतः शिकार करणारा हा लहानसा प्राणी मोठ्या प्राण्यांची शिकारही होऊ शकतो, त्यामुळे दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019मध्ये या लपवलेल्या वेदनेची मोजपट्टी तयार केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिश्या आणि डोकं धरण्याची पद्धत अशा पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, मिश्या सैल वळणदार न राहता सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. दहापैकी चार किंवा जास्त गुण झाले, की वेदनाशामक देण्याचा विचार करायचा. पिढ्यान् पिढ्या मांजरं आपल्या ओट्यावर आणि कोनाड्यात राहिली, आणि त्यांच्या मिश्यांवर दुखणं लिहिलेलं असतं हे माणसाला परवा-परवा वाचता आलं! ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा घरातल्या मांजराकडे बराच वेळ बघत बसले होते.

हृदयाकडे वळलं की काम आणखी नाजूक होतं. मांजरांच्या हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आजार आहे. कितीतरी मांजरांत तो स्टेथोस्कोपला कळतच नाही. एक दिवस अचानक मागचे पाय लुळे आणि थंडगार पडतात, कारण हृदयात साकळलेली गुठळी पायांकडे जाणाऱ्या धमनीत जाऊन अडकलेली असते. आधी ओळखायचं तर सोनोग्राफीच हवी. डाव्या कप्प्याची भिंत सैलावलेल्या अवस्थेत सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली तर आजार, पाच ते सहाच्या मध्ये असली तर संशय. म्हणजे सेकंदाला तीनदा धडधडणाऱ्या, सुपारीहून थोड्याच मोठ्या हृदयावर एका मिलिमीटरचा फरक पकडायचा, तोही घाबरलेलं मांजर हातात असताना. पुस्तक वाचून हे येणार नाही. यंत्राची मूठ धरलेल्या आपल्या हातावर जाणत्याचा हात असावा लागतो, आणि एक-दोन नव्हे, शेकडो मांजरं तपासावी लागतात.

अमेरिका आणि युरोपने यासाठी लांबची वाट आखली आहे. पदवीनंतर साधारण वर्षभर सगळ्या विभागांत फिरायचं, पुढची तीन वर्षं एकाच विषयाला द्यायची, तीही त्यातल्या तज्ज्ञाच्या नजरेखाली. हृदय असेल तर हृदय, मज्जासंस्था असेल तर मज्जासंस्था. पाहिलेल्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवायची आणि शेवटी कस पाहणारी परीक्षा. आपल्याकडे दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी आहे. शल्यचिकित्सा, चिकित्साशास्त्र, प्रजनन असे तिचे विषय, जागा मोजक्या, आणि त्यात प्रबंधही लिहायचा असतो. कोपरखैरण्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षं कुलूप लावून कुठे जाता येतं? मग तो शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणांना जातो, रात्री जेवण झाल्यावर परदेशातली व्याख्यानं ऐकतो, सोमवारी सकाळी पुन्हा दवाखाना उघडतो. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी दोन दिवसांत शिकलेलं पक्कं व्हायचं तर पुढे चुका दाखवणारं कोणीतरी शेजारी उभं असावं लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कमी आहे.

नवी मुंबईची याबाबतीतली एक गोष्ट चुटपुट लावणारी आहे. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यावरच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावं लागलं होतं, आणि तोवर सांधा बदलण्याची वेळ निघून गेली होती. त्यांनी प्राण्यांसाठी मोठं रुग्णालय उभारायचं ठरवलं तेव्हा पहिली जागा होती नवी मुंबईतलं कळंबोली. पण तातडीच्या वेळी मुंबईकरांना तिथवर पोचायला फार वेळ लागेल, म्हणून जागा बदलली. 1 जुलै 2024 रोजी ते रुग्णालय महालक्ष्मीला सुरू झालं. पाच मजले, सुमारे दोनशे खाटा, आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजसह ब्रिटनमधल्या संस्थांशी सहकार्य. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा गेले. मुंबईच्या सोयीचा निर्णय म्हणून मला तो पटतो. पण खाडीच्या या बाजूने बघताना हेही दिसतं, की पनवेलच्या कुत्र्याला अंतर तेवढंच पडतं, फक्त उलट्या दिशेने.

महालक्ष्मीपासून थोड्याच अंतरावर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886पासून उभं आहे. ते सुरू झालं तेव्हा मुंबईच्या ट्राम घोडे ओढत होते. 1905पर्यंत ओढत राहिले. शहर घोड्यांच्या आणि बैलांच्या पायांवर चालत होतं, तेव्हा जनावराचा डॉक्टर म्हणजे शहराच्या चाकांचाच डॉक्टर. सर दिनशा माणकजी पेटीट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं बाई साकरबाई रुग्णालय त्याच आवारात आहे. विद्यार्थी शिकतो ते पलीकडच्या वॉर्डात, खऱ्या रोग्यावर. शिक्षण आणि रुग्णालय एकमेकांना लागून असावं, ही समज इथे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

खऱ्या रोग्यावरून एक अवघड गोष्ट आठवते. उपचार करूनही प्राणी जातो, तेव्हा डॉक्टरचं निदान बरोबर होतं का, याचं शेवटचं उत्तर शवविच्छेदनातच मिळतं. हृदयाची भिंत खरंच जाड झाली होती का, नाकातली गाठ कुठवर पोचली होती, गुठळी कुठे अडकली होती, हे तिथे उघड दिसतं, आणि पुढच्या वेळी यंत्राच्या पडद्यावर काय ओळखायचं ते डोळा तिथूनच शिकतो. आपल्या घरी मात्र त्या क्षणी कोणाला काही विचारवत नाही. आपण जीव लावलेला असतो, त्याला तसंच शांतपणे निरोप द्यावासा वाटतो, आणि डॉक्टरही संकोचाने गप्प राहतो. तुमच्यावर तशी वेळ आली आणि डॉक्टरने चाचरत परवानगी मागितली, तर शक्य असल्यास हो म्हणा.